बोबोटी, शेनिन आणि माल्वा: केपच्या द्राक्षमळ्यातल्या जेवणाचं विज्ञान

दक्षिण आफ्रिकेला निघालेल्या मराठी मंडळींच्या यादीत क्रूगरचे सिंह आणि टेबल माउंटन यांच्याबरोबर आणखी एक गोष्ट हमखास असते: केप टाउनजवळच्या एखाद्या वाइन इस्टेटवर दुपारचं जेवण. पांढऱ्या भिंतींची जुनी डच घरं, मागे डोंगर, समोर द्राक्षांच्या रांगा. मग मेन्यू कार्ड हातात येतं आणि त्यावर बिल्टाँग, बोबोटी, स्नूक, वॉटरब्लोमिकी, माल्वा अशी अनोळखी नावं दिसतात. बहुतेक जण वेटरला विचारून काहीतरी मागवतात, फोटो काढतात आणि पुढच्या इस्टेटकडे जातात.

या लेखात आपण तेच कार्ड सावकाश वाचू. प्रत्येक पदार्थ तसाच का बनतो, त्यामागे कोणतं रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र आहे, आणि ते ज्ञान कोणाच्या हातांनी तिथे आलं, हे पाहू. शेवटचा प्रश्न मुद्दाम घेतला आहे, कारण त्याचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो.

आधी जागेविषयी

केपमधल्या द्राक्षांची पहिली वाइन 2 फेब्रुवारी 1659 रोजी निघाली. डच ईस्ट इंडिया कंपनीचा तिथला प्रमुख यान फान रीबेक याने तशी नोंद आपल्या रोजनिशीत केली आहे. 1685 मध्ये त्याच्यानंतरच्या काळातला प्रमुख सिमोन फान डर स्टेल याने कॉन्स्टान्शिया ही इस्टेट वसवली. आजचं ग्रूट कॉन्स्टान्शिया म्हणजे तिचाच मुख्य भाग. तिथलं जुनं घर आता संग्रहालय आहे आणि आवारात जेवणाचीही सोय आहे. स्टेलेनबॉश हे गावही याच माणसाच्या नावाचं.

या फान डर स्टेलची आजी जुन्या नोंदींत 'गोव्याच्या किनाऱ्याची मोनिका' म्हणून येते. ती गुलामगिरीतून मुक्त झालेली भारतीय स्त्री होती. केपच्या सगळ्यात प्रसिद्ध द्राक्षमळ्याच्या संस्थापकाची आजी कोकणपट्टीची, हे लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

द्राक्षं इथे चांगली का येतात? पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो, त्यामुळे फळ पिकताना बुरशीचा त्रास कमी होतो. अटलांटिकमधला बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह किनाऱ्याजवळून जातो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यामुळे उन्हाळ्यातही हवा थोडी उतरते. द्राक्ष पिकताना स्वतःतलं मॅलिक आम्ल श्वसनासाठी वापरतं, आणि जितकी उष्णता जास्त तितकं ते लवकर संपतं. हवा गार राहिली की साखर भरते, पण आंबटपणाही टिकतो. नाशिकच्या बागायतदारांना हे नव्याने सांगायला नको. दिवसा ऊन आणि रात्री गारवा मिळावा म्हणून तिथे वाइनची द्राक्षं हिवाळ्यात पिकवून उन्हाळा तापण्याआधी काढतात.

बिल्टाँग: मांसाचं वाळवण

जेवणाआधी टेबलावर येतात त्या गडद, चामट काड्या म्हणजे बिल्टाँग. गोमांसाच्या किंवा हरणवर्गीय प्राण्यांच्या मांसाच्या लांब पट्ट्यांना व्हिनेगर, मीठ, मिरी आणि भाजलेले धणे लावून त्या हवेत टांगतात. धूर नाही, शिजवणं नाही. वाळून वजन साधारण निम्मं होतं.

सुकट, सोडे, सांडगे, पापड यांच्यामागे जे तत्त्व आहे तेच इथे आहे. पदार्थात एकूण पाणी किती यापेक्षा जंतूंना वापरता येईल असं पाणी किती, हे महत्त्वाचं असतं. शास्त्रज्ञ ते 0 ते 1 या मापात मोजतात. ताजं मांस 0.99 च्या आसपास असतं. 0.91 च्या खाली रोग पसरवणाऱ्या बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते आणि 0.85 च्या खाली स्टॅफिलोकॉकससारखे चिवट जिवाणूही विष तयार करू शकत नाहीत. वाळवण्याने पाणी उडतं, मीठ उरलेलं पाणी बांधून ठेवतं आणि व्हिनेगरमुळे पृष्ठभाग आम्लधर्मी होतो. प्रत्येक अडथळा एकटा अपुरा असतो, पण तिन्ही एकत्र आले की पुरेसे होतात.

धण्यांचा वास मुख्यतः लिनॅलूल या रेणूचा असतो. ज्या मस्कत द्राक्षांपासून कॉन्स्टान्शियाची प्रसिद्ध गोड वाइन बनते, त्यांच्या सुगंधातही हाच रेणू पुढे असतो. सेंट हेलेना बेटावर कैदेत असलेला नेपोलियन हीच वाइन पीत असे. धण्यांचा बिल्टाँग आणि मस्कत वाइन एकमेकांना ओळखीची वाटतात, त्याला हे कारण आहे.

बोबोटी: खिमा आणि वर खरवसासारखा थर

केपचा सगळ्यात नावाजलेला पदार्थ बोबोटी. खिम्यात कांदा, हळद, मसाला, मनुका, जर्दाळूचा मुरंबा किंवा ब्लाटयांग नावाची आंबटगोड चटणी, आणि दुधात भिजवलेला पाव घालतात. वर अंडं-दुधाचं मिश्रण ओतून, लिंबाची किंवा तमालासारखी पानं खोचून भट्टीत भाजतात. सोबत हळदीचा मनुका घातलेला पिवळा भात, केळ्याचे काप आणि 'सांबाल' म्हणजे कोशिंबिरीसारखं तोंडीलावणं.

भिजवलेला पाव भर म्हणून घातलेला नसतो. मांस तापलं की त्यातली प्रथिनं एकमेकांना घट्ट धरतात, आकसतात आणि रस बाहेर पिळतात. पावातला स्टार्च त्यांच्यामध्ये शिरून ही पकड सैल ठेवतो आणि पाणीही धरून ठेवतो. म्हणून बोबोटीचा खिमा भट्टीतून निघूनही मऊ राहतो. आपण कटलेटमध्ये पाव घालतो त्याचं कारणही हेच.

वरचा थर कळायला खरवस आठवा. चिकाच्या दुधात प्रथिनं भरपूर असल्याने ते नुसत्या उष्णतेने थिजतं. साध्या दुधात तेवढी प्रथिनं नसतात, म्हणून ती अंड्यातून आणावी लागतात. नुसतं अंडं साधारण 62 ते 70 अंश सेल्सियसला घट्ट होतं. दुधात मिसळल्यावर प्रथिनांचे रेणू एकमेकांपासून दूर जातात आणि जाळी विणायला 80 अंशांच्या आसपास तापमान लागतं. त्याच्या फार पुढे गेलं तर जाळी इतकी आवळते की पाणी सुटतं आणि थर भोकाभोकांचा होतो. चांगल्या बोबोटीवरचा थर हलवला तर थरथरतो. तुमच्या बशीत पाणी सुटलेलं दिसलं तर भट्टी जास्त तापली होती असं समजा.

आता हळद आणि मसाला इथे आला कसा? पर्यटकांच्या माहितीपत्रकांत 'पूर्वेचा प्रभाव' असं गोड वाक्य असतं. वस्तुस्थिती अशी की 1652 ते 1808 या काळात सुमारे 63,000 माणसं गुलाम म्हणून केपमध्ये आणली गेली. त्यांतली ढोबळमानाने एक चतुर्थांश भारतीय उपखंडातून आली होती: बंगाल, कोरोमंडल, मलबार. बाकीची मादागास्कर, पूर्व आफ्रिका आणि आजच्या इंडोनेशियातून. नोंदवहीत त्यांची मूळ नावं बहुधा नाहीत. 'अमुक बंगालची', 'तमुक मलबारचा' एवढंच आहे. केपच्या स्वयंपाकघरांत चूल त्यांच्याच हाती होती, आणि द्राक्षमळ्यांत फावडंही. आज 'केप मलाय' म्हणून जी पाकपद्धती ओळखली जाते, तिच्यात 'अत्जार' आहे, 'रोटी' आहे, 'सांबाल' आहे. हे शब्द कुणी पुस्तकातून उचललेले नाहीत. ते जहाजाच्या तळघरातून आलेल्या माणसांनी जपून आणले.

तिखटाबरोबर कोणती वाइन?

मराठी माणूस बोबोटी मागवताना 'जरा तिखट करा' म्हणतो आणि सोबत भारी लाल वाइन घेतो. मग तोंडाची आग होते आणि दोष वाइनला जातो. इथे तीन गोष्टी एकदम घडत असतात.

पहिली: मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या टीआरपीव्ही1 नावाच्या ग्राहीला चेतवतं. हा ग्राही खरं तर उष्णता ओळखण्यासाठी आहे. 42 अंशांच्या आसपास तो 'भाजतंय' असा निरोप मेंदूला देतो. कॅप्सेसिन तोच निरोप उष्णतेशिवाय पाठवतं. अल्कोहोलही याच ग्राहीवर काम करतं आणि त्याचा उंबरठा सुमारे 34 अंशांपर्यंत खाली आणतं, म्हणजे शरीराच्या तापमानाच्याही खाली. म्हणून जास्त अल्कोहोलची वाइन तिखटाची आग वाढवते.

दुसरी: लाल वाइनमधलं टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटून त्यांच्या गुठळ्या करतं. लाळेचं वंगण जातं आणि तोंड तुरट, कोरडं होतं. जांभूळ किंवा कच्चं केळं खाल्ल्यावर होतं तसंच. आग आणि तुरटपणा एकत्र आले की दोन्ही बोचतात.

तिसरी: कॅप्सेसिन अल्कोहोलमध्ये विरघळतं हे खरं, पण वाइनमध्ये पाणीच बहुतांश असल्याने ते धुऊन निघत नाही. ते काम दह्या-दुधातलं केसीन करतं. साखर आणि गारवाही आग शमवतात.

त्यामुळे बोबोटीबरोबर थंड, किंचित गोडसर शेनिन ब्लांक घ्या. तिच्यात टॅनिन जवळजवळ नाही, आम्ल भरपूर आहे, आणि जर्दाळूच्या चटणीशी तिचं चांगलं जमतं. या द्राक्षाचं मूळ फ्रान्समधलं, पण आज जगात सर्वाधिक शेनिन दक्षिण आफ्रिकेत लावलेलं आहे. नाशिकची शेनिन तुम्ही प्यायली असेल तर दोन्हींतला आंबटपणा मनातल्या मनात ताडून पाहा.

लाल वाइन हवीच असेल तर ती खारट, चरबीदार मांसाबरोबर घ्या. मांसातली प्रथिनं टॅनिनला गुंतवून ठेवतात आणि मीठ कडवटपणा दाबतं. इथली खास लाल वाइन पिनोटाज. 1925 मध्ये स्टेलेनबॉश विद्यापीठातले प्राध्यापक अब्राहम पेरोल्ड यांनी पिनो न्वार आणि सँसो या दोन जातींचा संकर केला. सँसोला तेव्हा तिथे 'हर्मिटेज' म्हणत, म्हणून पिनो आणि हर्मिटेज मिळून पिनोटाज. संकरातून चार बिया मिळाल्या, त्या त्यांनी आपल्या घराच्या बागेत लावल्या. पुढे ते नोकरी बदलून गेले आणि बागेत रान माजलं. साफसफाईच्या वेळी चार्ली नीहाउस या तरुण व्याख्यात्याने ती रोपं ओळखली म्हणून वाचली. हापूसचं प्रत्येक झाड जसं कलमाने वाढवलेलं असतं, तसंच पिनोटाजचं: आजच्या सगळ्या वेली त्या वाचलेल्या रोपांचंच पुढचं आयुष्य आहेत. काही पिनोटाजला केळ्याचा वास येतो. तो आयसोअमाइल अॅसिटेट या रेणूचा, आणि खऱ्या केळ्यातही तोच असतो.

स्नूक: गोड मुलामा आणि एक खबरदारी

'ब्राय' म्हणजे लाकडाच्या निखाऱ्यांवर भाजणं. छाटणीतून निघालेल्या द्राक्षाच्या काटक्याही त्यासाठी वापरतात. त्यावर भाजलेला स्नूक हा अटलांटिकमधला लांबट, तेलकट मासा, वर लोणी आणि जर्दाळूच्या मुरंब्याचा मुलामा. साधारण 140 अंशांच्या पुढे प्रथिनं आणि साखर यांच्यात मेलार्ड अभिक्रिया वेग घेते आणि भाजल्याचा खमंगपणा येतो. साखर लवकर करपते, म्हणून जाणकार मुलामा शेवटी लावतात.

खबरदारी अशी: स्नूकच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. आपल्या बांगड्यात आणि कुप्यातही असतं. मासा पकडल्यावर थंड ठेवला नाही तर जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. हिस्टामिन शिजवूनही जात नाही. असा मासा खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, पुरळ येतं, डोकं दुखतं. अनेक जण त्याला माशाची अॅलर्जी समजतात आणि आयुष्यभर मासा सोडतात. खरी चूक बर्फाची असते. चांगल्या ठिकाणी खा, आणि मासा जिभेला मिरपुडीसारखा चुरचुरीत लागला तर बाजूला ठेवा.

शाकाहारींसाठी, आणि कासच्या पठारासाठी

मसुराची बोबोटी बऱ्याच ठिकाणी मिळते. वरचा अंड्याचा थर चालतो का ते मात्र आधीच सांगा. हिवाळ्यात, म्हणजे जून ते ऑगस्टच्या सुमारास गेलात तर वॉटरब्लोमिकी पाहा. ही तळ्यात उगवणाऱ्या वनस्पतीची फुलं. ती बहुधा मटणाबरोबर मंद आचेवर शिजवतात, आणि आंबटपणासाठी 'सुरिंग' नावाचा पाला घालतात. सुरिंग म्हणजे आपल्या आंबुशीची सख्खी बहीण. दोघी ऑक्झॅलिस प्रजातीच्या, आणि दोघींचा आंबटपणा ऑक्झॅलिक आम्लाचा.

वॉटरब्लोमिकीचं शास्त्रीय नाव अॅपोनोजेटॉन डिस्टॅकियॉस. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर पावसाळ्यात फुलणारा वायतुरा म्हणजे अॅपोनोजेटॉन साताऱेन्सिस. दोघांचेही तुरे इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभंगलेले असतात. एकाची तिकडे भाजी होते. दुसरा मुळातच दुर्मीळ, त्याला हातही लावू नये.

माल्वा, रॉयबॉस आणि हक्काचा प्रश्न

माल्वा पुडिंगच्या पिठात जर्दाळूचा मुरंबा, खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर असतं. सोडा आणि आम्ल यांतून कार्बन डायॉक्साइड सुटतो आणि केक जाळीदार होतो. उरलेल्या सोड्यामुळे मेलार्ड अभिक्रिया जोर धरते आणि रंग तपकिरी येतो. भट्टीतून काढल्या काढल्या त्यावर साय, लोणी आणि साखरेचा गरम पाक ओततात. जाळी मोकळी आणि पाक पातळ असतानाच तो आत मुरतो. गुलाबजाम करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

शेवटी रॉयबॉस. हा लालसर काढा चहाच्या झाडाचा नाही, म्हणून त्यात कॅफीन नाही. हे शेंगावर्गातलं झुडूप केपच्या उत्तरेला सीडरबर्गच्या डोंगराळ भागात येतं. तिथल्या निकस, वाळूच्या जमिनीत मुळांवरच्या गाठींतले जिवाणू त्याला नायट्रोजन पुरवतात. पानं हिरवी असतात. ती ठेचून ढीग लावला की त्यातली अॅस्पॅलॅथिनसारखी द्रव्यं ऑक्सिजनशी संयोग पावतात आणि लाल रंग येतो.

या झुडपाची ओळख तिथल्या मूळच्या खोई आणि सान लोकांना होती. उद्योग उभा राहिला तो इतरांचा. अनेक वर्षांच्या वाटाघाटींनंतर 2019 मध्ये करार झाला आणि शेतातून विकल्या जाणाऱ्या रॉयबॉसच्या किमतीच्या 1.5 टक्के रक्कम या समाजांना द्यायचं ठरलं. आपल्याकडे असाच प्रश्न हळदीवरून उभा राहिला होता. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट 1995 मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुराव्यादाखल मांडले आणि 1997 मध्ये ते रद्द झालं.

बोबोटीतल्या हळदीसाठी मात्र कुठलाच करार नाही. ती आणणाऱ्यांची नावंच उरलेली नाहीत.

ग्लासातली मजुरी

या बागांचा इतिहास सांगताना एक गोष्ट वगळली तर लेख खोटा ठरेल. डच काळापासून इथल्या शेतमजुरांना मजुरीचा काही भाग वाइनच्या रूपात दिला जाई, दिवसातून अनेकदा. याला 'डॉप' म्हणत. त्यातून माणूस व्यसनात अडके, आणि मळ्यातही. 1960 च्या दशकात कायद्याने बंदी आली, तरी काही ठिकाणी प्रथा 1990 च्या दशकापर्यंत रेंगाळली.

परिणाम पुढच्या पिढ्यांच्या शरीरात उतरले. अल्कोहोलचा रेणू लहान असतो आणि वार ओलांडून सहज गर्भापर्यंत जातो. गर्भाच्या यकृतात तो मोडणारी विकरं फारच कमी असतात. मेंदूची घडण पहिल्या काही आठवड्यांतच सुरू होते, बहुतेकदा आईला दिवस गेल्याचं कळण्याआधी. यातून जन्मभर राहणारे दोष निर्माण होतात: वाढ खुंटणं, चेहऱ्याची विशिष्ट ठेवण, शिकण्यात आणि वागण्यात अडचणी. वेस्टर्न केपच्या द्राक्षपट्ट्यातल्या शाळांमध्ये 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून झालेल्या पाहण्यांत या विकाराचं प्रमाण जगात नोंदल्या गेलेल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी निघालं. गरोदरपणात किती अल्कोहोल सुरक्षित, याचं विज्ञानाकडे असलेलं उत्तर एकच आहे: सुरक्षित असं कुठलंही प्रमाण ठरलेलं नाही. तुमच्यासोबत कुणी गरोदर असेल किंवा तशी शक्यता असेल, तर टेस्टिंगऐवजी द्राक्षरस मागवा. बहुतेक ठिकाणी तो मिळतो. गाडी चालवणाऱ्यानेही तेच करावं, किंवा टेबलावरच्या थुंकायच्या भांड्याचा उपयोग करावा. तिथे त्यात कुणालाच काही गैर वाटत नाही.

हे सगळं वाचून जेवणाचा आनंद कमी व्हावा असा हेतू नाही. बोबोटी खाच, थरथरणारा थर आधी चमच्याने हलवून बघा, शेनिनचा घोट घ्या. टेस्टिंग करवणाऱ्याला वेलीचं वय आणि लाकडी पिंपांबद्दल सगळेच विचारतात. तुम्ही आणखी दोन प्रश्न विचारा: इथले मजूर कुठे राहतात, आणि या मळ्याच्या मालकीत किंवा नफ्यात त्यांचा वाटा आहे का? काही इस्टेटी याचं उत्तर उत्साहाने देतात, काही विषय बदलतात. पुढची बाटली कुठून घ्यायची, हे त्यावरून ठरवायला हरकत नाही.